टोपी, माईक आणि नाकातला सूर

जर्मनीच्या दौऱ्यावर गेलेल्या एका भारतीय रॉकस्टारला खुनाच्या आरोपावरून अटक होते. नाव एचआर. डोक्यावरची टोपी सहसा उतरत नाही, दाढीची खुंटं कायम ठरावीक लांबीची, आणि सुख असो की दुःख, चेहऱ्यावर भाव एकच. हा गडी तुरुंगातून निसटतो, परक्या मुलखात पोलिसांना गुंगारा देत खऱ्या खुन्याचा माग काढतो, आणि एवढ्या धावपळीतही गाण्याची वेळ चुकवत नाही. 29 जून 2007 रोजी प्रदर्शित झालेल्या, प्रशांत चढ्ढा दिग्दर्शित ‘आप का सुरूर’ची ही कथा. नायक हिमेश रेशमिया, संगीतकार हिमेश, गायक हिमेश, आणि पडद्यावर तो ज्याची भूमिका करतो तोही हिमेशच. जोडीला हन्सिका मोटवानी आणि मल्लिका शेरावत.

समीक्षकांनी चित्रपट धुऊन वाळत घातला. प्रेक्षकांनी तरीही तिकिटं काढली आणि चित्रपट चालला. अशा वेळी समीक्षक मंडळी एक ठरलेला निष्कर्ष काढतात: लोकांना कळत नाही. माझं म्हणणं असं की लोकांना सगळं कळतं. ‘आप का सुरूर’वर जीव टाकणाऱ्याला त्या चित्रपटातली भोकं समीक्षकापेक्षा जास्त ठाऊक असतात, कारण समीक्षकाने तो एकदा पाहिला, याने आठ वेळा.

हे पडताळून पाहायचं तर पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्सपेक्षा इब्रामपूरसारखं गाव बरं. पेडणे तालुक्याच्या ईशान्य टोकाला, हणखणे आणि चांदेलच्या शेजारी, पलीकडे दोडामार्ग म्हणजे महाराष्ट्र. पर्यटकांना ठाऊक असलेला गोवा इथून लांब आहे. समुद्र नाही, शॅक नाही. काजूच्या बागा, माड आणि तिळारीचं पाणी घेऊन येणारी नदी. सिनेमा पाहायचा तर पूर्वी म्हापशाचं अलंकार किंवा डिचोलीचं हिरा गाठायचं, आणि 2004 साली पणजीत आयनॉक्स आल्यावर वर्षातून एखादी वारी तिथे. बाकी सगळा कारभार भाड्याने आणलेल्या सीडीवर आणि केबलवर. म्हणजे एकच सीडी घरोघर फिरायची, आणि तीत जे काही असेल ते तोंडपाठ व्हायचं.

या भागात चाळिशीकडे झुकलेल्या माणसांसमोर हिमेशचं नाव काढून पाहावं. आधी हसू येतं. मग कोणीतरी नाकातून सूर काढतो. मग मतं सुरू होतात, आणि ती ऐकण्यासारखी असतात.

पण त्याआधी 2005-06 सालची हवा आठवायला हवी. हिमेश रेशमिया 1998 च्या ‘प्यार किया तो डरना क्या’पासून संगीतकार म्हणून ठाऊक होता, 2003 च्या ‘तेरे नाम’ने घराघरात पोचला होता. 2005 साली ‘आशिक बनाया आपने’मध्ये तो स्वतः गायला आणि गायक म्हणून फिल्मफेअर घेऊन गेला. पुढच्या वर्षभरात त्याचा आवाज टाळणं अशक्य झालं. खासगी बस, रिक्षा, लग्नाचा मांडव, आणि गोव्यात विशेष म्हणजे नरकासुराची रात्र. चतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव कागदाचे राक्षस उभे राहतात आणि पहाटे जाळेपर्यंत स्पीकर थांबत नाहीत. त्या दोन-तीन वर्षांत राक्षस कुठलाही असो, आवाज हिमेशचा. ‘अक्सर’मधलं ‘झलक दिखला जा’ वाजवलं की भुतं येतात, असं म्हणत गुजरातेतल्या एका गावाने ते गाणं वर्ज्य केल्याची बातमी 2006 साली आली होती. भूत सोडा, माणसं तरी हमखास यायची.

संगीतातल्या जाणकारांना हा सूर खुपला. आपल्या आवाजाचं समर्थन करताना हिमेशने एकदा आर. डी. बर्मन यांचं नाव घेतलं, तेव्हा आशा भोसले जाहीरपणे संतापल्या आणि त्याला माफी मागावी लागली. मंगेशीच्या घराण्याचा तो राग गोव्यात अनेकांना रास्त वाटला. आणि त्याच अनेकांच्या घरातली पोरं टोप्या उलट्या घालून ‘नाकातून’ गात होती.

अशा लाटेवर बसून गायकाने सिनेमात उडी घेणं ही काही नवी गोष्ट नाही, आणि त्यात तोंडावर आपटणंही नवं नाही. आपल्याकडे तर याचं सर्वांत मोठं उदाहरण रॉकच्या कितीतरी आधीचं आहे. बालगंधर्वांनी 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथांची भूमिका केली. दिग्दर्शक व्ही. शांताराम, गळा तोच, पण ज्या महाराष्ट्राने त्यांना शालू-शेल्यात, नथीत पाहून वेड लावून घेतलं होतं त्याला दाढीमिशांतला, सत्तेचाळिशीचा पुरुष पचेना. प्रभातशी असलेला त्यांचा संबंध तेवढ्यावरच आटोपला. चाहत्यांचं प्रेम गाण्यावर असतं, हे अर्धंच खरं. ते एका ठरलेल्या रूपावर असतं, आणि रूप बदललं की गाणं एकटं पुरत नाही.

मास्टर दीनानाथांची गोष्ट गोव्याच्या अधिक जवळची. 1918 पासून बळवंत संगीत मंडळी गाजवलेला हा मंगेशीचा गायक-नट 1934 साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ घेऊन बोलपटात उतरला. स्वतःची चित्रसंस्था, स्वतःची भूमिका, स्वतःचा पैसा. तो सगळा खटाटोप कर्जात बुडाला, आणि रंगभूमीवरचं वैभवही त्यानंतर परतलं नाही. गायकाने सगळंच आपल्या हाती घ्यायचं हा हव्यास हिमेशपासून सुरू झालेला नाही, एवढंच सांगायचं. दीनानाथांशी त्याची तुलना करायची माझी छाती नाही, आणि इच्छाही नाही.

परदेशात हा प्रकार कारखान्यासारखा चालला. एल्विस प्रेस्ली 1956 ते 1969 मध्ये 31 कथापटांत झळकला; त्यातले बरेचसे एकाच साच्यातले, आणि तो स्वतः त्यांना विटला होता. 1984 साली प्रिन्सने ‘पर्पल रेन’मध्ये जवळपास स्वतःचीच भूमिका केली, कथा बेतास बात, पण गाणी अशी की ऑस्कर मिळालं. आणि 1980 चा ‘झॅनाडू’ तर या जातीचा मुकुटमणी. ऑलिव्हिया न्यूटन-जॉन स्केटिंगच्या चाकांवर फिरणारी ग्रीक देवकन्या! तिथल्या सर्वांत वाईट चित्रपटांना दिले जाणारे रॅझी पुरस्कार ज्या जोडचित्रपटांच्या खेळामुळे एका प्रेक्षकाला सुचले, त्यातला एक हा. पण त्याची गाणी तुफान खपली, आणि 2007 साली त्याच कथेवर ब्रॉडवेला संगीतिका उभी राहिली. ‘आप का सुरूर’ आला ते हेच वर्ष. वाईट चित्रपटाला चाहते सांभाळतात, आणि पुरेसा काळ सांभाळला की तो प्रतिष्ठितही होतो.

आता पेडण्याच्या चाहत्यांकडे वळू. त्यांच्यात सर्वांत मोठा वाद ‘सुरूर’चा नाही, ‘कर्ज’चा आहे. 17 ऑक्टोबर 2008 ला, दिवाळीच्या तोंडावर, सतीश कौशिक दिग्दर्शित नवा ‘कर्ज’ आला. इंग्रजी नावाला शेवटी चार झेड. रॉकस्टार माँटी म्हणजे हिमेश, कामिनी म्हणजे उर्मिला मातोंडकर. जुना ‘कर्ज’ 1980 चा, सुभाष घईंचा, फिरत्या तबकडीवर चंदेरी कपड्यांत नाचणाऱ्या ऋषी कपूरचा. इथे वडील पिढी एकदम खवळून उठते. त्या संगीतावर हात टाकायचाच नव्हता, असं त्यांचं ठाम मत.

त्या मतामागे नुसता स्मृतिरंजनाचा गोडवा नाही, थोडा मुलखाचा अभिमानही आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत हे कुडाळकर. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जन्मले म्हणून लक्ष्मीकांत. कुडाळ इब्रामपूरहून काही परदेश नाही. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्डेच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, ज्यांचं नाव पुढे ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात अमर झालं. ‘कर्ज’च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं. आता खरं सांगायचं तर त्या संगीतातही उसनवारी होतीच. ‘ओम शांती ओम’ची कल्पना त्रिनिदादच्या लॉर्ड शॉर्टीच्या गाण्यावरून, आणि ती प्रसिद्ध गिटारची धून अमेरिकन गिटारवादक जॉर्ज बेन्सनच्या रचनेवरून. मूळ कथाही ‘द रीइन्कार्नेशन ऑफ पीटर प्राउड’ या 1975 च्या अमेरिकन चित्रपटाशी नातं सांगणारी. तरुण चाहते हे मुद्दे वडिलांच्या तोंडावर फेकतात. वडील म्हणतात, उसनं आणलं तरी ते नेसता आलं पाहिजे. या वादात मी वडिलांच्या बाजूने आहे. नवा ‘कर्ज’ फसला तो हिमेशमुळे कमी आणि त्याच्या डोक्यावर ठेवलेल्या दुसऱ्याच्या मुकुटामुळे जास्त. एचआर म्हणून तो खपला, कारण एचआर आधी कोणी नव्हता. माँटी आधीच एक होता.

गंमत अशी की त्याच 2008 साली, दीडेक महिना आधी, ‘रॉक ऑन’ आला होता. फरहान अख्तर, अर्जुन रामपाल, ल्यूक केनी, शंकर-एहसान-लॉय. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. मोडलेल्या बँडची समंजस, देखणी गोष्ट. सगळे म्हणतात, चांगला चित्रपट होता. आणि एवढं म्हणून गप्प बसतात. त्याची नक्कल कोणी करत नाही, त्यावर भांडण होत नाही. चांगल्या चित्रपटाला आदर मिळतो. त्याच्यावर चेष्टामस्करी करत रात्र जागवता येत नाही.

रात्र जागवणं हा इथला कळीचा मुद्दा आहे, कारण पेडणे-डिचोलीचा प्रेक्षक दशावतारावर वाढलेला आहे. देवळाच्या जत्रेत, रात्री उशिरा, पखवाज आणि पायपेटी सुरू होते. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, ब्रह्मदेव आणि काळ्या वेषातला संकासुर, जो देवादिकांच्या गोष्टीत मध्येच गावच्या गोष्टी आणून खसखस पिकवतो. मग आख्यान, पहाटेपर्यंत. लिखित संहिता नाही. संवाद नटाने तिथल्या तिथे रचायचे, मागे पडदा एक, बसायला एक बाकडं, आणि त्याच बाकड्याचं सिंहासनही होतं आणि डोंगरही. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. राजा पराक्रमाच्या बढाया मारतो तेव्हा आवाज सप्तकाच्या पार जातो, युद्धात तलवारी खणखणतात आणि नट गोल गोल फिरत राहतात.

आता यातलं वास्तववादी काय आहे? काहीच नाही. प्रेक्षकाला ते ठाऊक आहे, नटाला ते ठाऊक आहे. तरी त्या प्रेक्षकाइतका कठोर परीक्षक मिळायचा नाही. नट मनापासून करत नसेल, बोलताना अडखळला, स्वतःच आपल्या भूमिकेवर हसला, तर गावकरी उठून चहाच्या टपरीकडे चालू लागतात. कथा अतर्क्य असली तर चालते. कसूर चालत नाही.

मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर अशा मंडळ्यांचे प्रयोग लहानपणापासून पाहिलेल्या माणसाने एचआरला तुरुंगातून पळताना पाहिलं, तर त्याने काय म्हणावं? पटकथेतली भोकं त्याला दिसतात, पण ती त्याला खुपत नाहीत. तो बघतो ते हे: हा माणूस आपलं काम पूर्ण श्रद्धेने करतोय की नाही? आणि ‘सुरूर’मध्ये हिमेशची श्रद्धा वादातीत आहे. त्याला अभिनय येत नाही, हे त्याच्या कट्टर चाहत्यांचंही मत. पण आपण जगातला सर्वांत मोठा रॉकस्टार आहोत यावर त्याचा जो विश्वास आहे, त्यात तिळभर चीर नाही. कॅमेऱ्यासमोर तो एकदाही ओशाळत नाही. चाहत्यांच्या भाषेत ‘माणूस फुल्ल कॉन्फिडन्समध्ये’. नाटकी राजाला नेमकं हेच लागतं.

एक गोष्ट मात्र आज हसण्यावारी नेता येत नाही. चित्रपट आला तेव्हा नायिका हन्सिका पंधरा वर्षांची होती आणि नायक तिशीच्या पुढे. तेव्हा त्याची कुजबुज झाली, मग गाण्यांच्या गोंगाटात ती विरली. ज्यांनी तेव्हा कॉलेजात असताना हा चित्रपट पाहिला, त्यांच्या मुली आज त्या वयाच्या होत आल्या आहेत. पुन्हा पाहताना तो भाग नकोसा होतो, असं सांगणारे चाहते आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरी तक्रार खास गोव्याची. शापोरा नदीच्या दक्षिण तीरावर, शिवोलीत, एक अस्सल रॉकस्टार राहत होता: रेमो फर्नांडिस. 1984 चा ‘गोअन क्रेझी’, 1986 चा ‘पॅक दॅट स्मॅक’. स्वतः लिहायचं, स्वतः वाजवायचं, स्वतः ध्वनिमुद्रित करायचं. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’मध्ये तो 1985 साली दिसला, 1987 च्या ‘जलवा’चं शीर्षकगीत गायला, ए. आर. रहमानच्या ‘बॉम्बे’मधल्या ‘हम्मा हम्मा’ने देशभर पोचला, 2007 साली पद्मश्री झाला. पण रॉकवर चित्रपट काढताना हिंदी सिनेमाला त्याला मध्यभागी उभं करावंसं वाटलं नाही. 2015 च्या ‘बॉम्बे वेल्वेट’मध्ये मिळाली तीही छोटी भूमिका. रॉकस्टार हवा तर मुंबईचा, आणि गोवेकर हवा तर मागे ट्रम्पेट वाजवायला किंवा दारू पिऊन पडायला, हा हिंदी चित्रपटांचा जुना हिशेब. पेडण्यातला हिमेशचा चाहताही इथे थोडा कडवट होतो. टोपीवाला चालतो, तर आमचा शिवोलीकर का नाही?

माझं उत्तर कदाचित त्याला आवडणार नाही. रेमोला विनोदाची जाण आहे, तो स्वतःवर हसू शकतो. अशा माणसाच्या हातून ‘आप का सुरूर’ घडलाच नसता. त्याच्या हातून कदाचित चांगला चित्रपट झाला असता, आणि त्याचं ‘रॉक ऑन’सारखंच झालं असतं: आदर आणि शांतता.

हिमेशचं पुढे काय झालं तेही या चर्चेत महत्त्वाचं आहे. 2009 साली ‘रेडिओ’ आला, त्यात तो रेडिओवरचा निवेदक. फारसं कोणाला आठवत नाही. 2014 साली अनंत महादेवन दिग्दर्शित ‘द एक्सपोजे’ आला. साठच्या दशकातलं चित्रपटसृष्टीचं रहस्य, सोबतीला इरफान खान आणि हनी सिंग, अशी जोडी स्वप्नातही कोणाला सुचली नसती. त्यात हिमेशने रविकुमार नावाचा नायक केला, आणि त्याच्या टाळीबाज संवादांचे तुकडे मोबाइलवरून पसरत राहिले. चित्रपट न पाहिलेल्या पोरांनाही संवाद पाठ. मग 7 फेब्रुवारी 2025 ला त्याच रविकुमारला घेऊन ‘बॅडअ‍ॅस रविकुमार’ आला. दिग्दर्शक कीथ गोम्स, खलनायक प्रभुदेवा. जाहिरातीतच सांगून टाकलं होतं की इथे तर्काची सक्ती नाही.

म्हणजे हिमेशने चाहत्यांचं हसू ऐकलं, ओळखलं, आणि त्यालाच धंदा केलं. याला अक्कल लागते. 2025 सालीच ‘कॅप मॅनिया’ नावाने त्याचे जे कार्यक्रम झाले, त्यांना मुंबई आणि दिल्लीत तुडुंब गर्दी झाली, आणि त्या गर्दीत 2006 साली पाळण्यात असलेली पोरंही होती. टिंगल म्हणून सुरू झालेलं प्रेम वीस वर्षं टिकलं, तर त्याला टिंगल म्हणण्यात अर्थ नाही.

पण इथेच चाहत्यांत फूट पडते. विशीतल्या मुलांना ‘रविकुमार’ जास्त आवडतो. त्यांच्या मते तो चलाख आहे, स्वतःची थट्टा स्वतःच करतो, प्रत्येक वाक्याला शिटी ठरलेली. त्यांना त्याचा तीस सेकंदांचा तुकडा पुरतो, पूर्ण चित्रपट पाहायची गरजही वाटत नाही. चाळिशीची मंडळी ‘सुरूर’ची. त्यांचं म्हणणं, हसवण्यासाठी केलेल्या गोष्टीवर हसण्यात काय मजा? तिथे हसायची वेळ तोच ठरवतो. ‘सुरूर’मध्ये ती आम्ही ठरवायचो.

मी या दुसऱ्या पंथाचा. दशावतारात संकासुर हसवतो, ते त्याचं कामच आहे. राजाने मात्र हसवायचं नसतं. राजा गंभीर राहतो म्हणून आख्यानाला रंग चढतो, आणि मग त्याच्या मुकुटाचा कागद सुटला तरी लोक जागचे हलत नाहीत. ‘रविकुमार’मध्ये राजाने संकासुराचा वेष घेतला. गल्ल्याचं गणित म्हणून ते शहाणपणाचं असेल, पण आख्यान तिथे संपलं.

पूर्वी हा वाद सीडीच्या दुकानात किंवा बसथांब्यावर व्हायचा. आता इब्रामपुरातली पोरं मोप्याच्या विमानतळावर पाळीने कामाला जातात, आणि ज्याचा त्याचा सिनेमा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर चालतो. पण असा चित्रपट कानात बोंडं घालून एकट्याने पाहणं म्हणजे पैसे फुकट. सोबत कोणी टोमणा मारणारा नसेल तर ‘आप का सुरूर’ हा निव्वळ वाईट चित्रपट आहे, आणि समीक्षकांचं त्याच्याबद्दलचं मत शब्दशः खरं आहे.

तेव्हा या दिवाळीत पाहायचाच झाला तर चार जण जमवा, त्यात एक जुन्या ‘कर्ज’वाला काका नक्की घ्या, आणि ‘रविकुमार’च्या आधी ‘सुरूर’ लावा. उलट क्रमाने पाहिलात तर ‘सुरूर’ही मुद्दाम केलेला वाटेल, आणि तो तसा अजिबात नाही.